टोकन २८ कोणत्या विंडोत आहे?

१३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर फायरफॉक्सच्या एका विंडोत सोळा-सतरा टॅब मावतात. टॅब ७६ पिक्सेलपेक्षा बारीक होत नाही, त्यामुळे त्यापुढचे सगळे कडेच्या बाणामागे सरकतात. विदर्भातल्या खेड्यात ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवणाऱ्याकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, खरिपाच्या पीक विम्याची मुदत जवळ आली की, दुपारी बारालाच तीस-पस्तीस टॅब उघडे असतात. निम्म्यांच्या माथ्यावर एकच शब्द, तोही अर्धा: ‘मुख्यपृ’. कोणता टॅब कोणाचा हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. उघडून पाहताना चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं तर भरलेला अर्ज कोरा होतो.

एवढे टॅब हौसेने कोणी उघडत नाही. काम मध्येच थांबतं म्हणून ते साचतात.

“काका, आधारले कोणता नंबर जोडला हाय?”

“पोराचा. थो पुण्याले हाय न भाऊ.”

“मंग लावा त्याले फोन. ओटीपी आला का लगेच सांग म्हणा.”

पोरगा ड्युटीवर, फोन उचलत नाही. अर्ज अर्धा भरलेला, टॅब बंद करता येत नाही, आणि पुढचं टोकन टेबलाशी येऊन उभं राहिलेलं. कोणाचं पासबुक घरी राहतं, कोणाच्या सातबाऱ्यावर सामायिक खातं निघतं आणि भावाची संमती आणायला वावरात माणूस पाठवावा लागतो. प्रत्येकाचा एखादा-दुसरा टॅब असा अडकून बसतो. ओटीपी आल्याचा फोन खणखणला की मात्र तोच टॅब दहा सेकंदांत समोर हवा असतो, कारण आधारचा ओटीपी १० मिनिटंच चालतो आणि त्यातली निम्मी फोनवर आकडे नीट ऐकण्यातच जातात.

हे सगळं आम्ही आयथ्री या टायलिंग विंडो मॅनेजरवर, म्हणजे पडद्यावर विंडो कशा मांडायच्या ते ठरवणाऱ्या लिनक्सवरच्या प्रोग्रामवर आणलं. नेहमीच्या डेस्कटॉपवर विंडो टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात आणि खालची दिसत नाही. टायलिंगमध्ये पडदा वावरासारखा धुरे घालून वाटला जातो. नवी विंडो आली की आधीची आकसते आणि तिला जागा देते, कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही. शिवाय दहा वर्कस्पेस असतात, म्हणजे दहा वेगळे पडदेच म्हणा, आणि ते आकड्यांच्या कळांनी बदलतात. आयथ्री २००९ पासून आहे, फार हलकं आहे, आणि त्याची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की दुसऱ्या मशीनवर तेच केंद्र उभं राहतं.

मशीन जुनंच: ८ जीबी रॅम, एसएसडी, डेबियन १२ हे लिनक्स. एपीटीने, म्हणजे डेबियनच्या प्रोग्राम बसवायच्या साधनाने, ‘आयथ्री’ नावाचं पॅकेज घेतलं की खालची पट्टी, पडदा कुलूपबंद करायचा प्रोग्राम आणि प्रोग्राम उघडायचा डीमेन्यू सोबतच येतात. लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावर आयथ्री निवडायचं. पहिल्यांदा आत शिरताना ते मांडणीची ती फाइल, म्हणजे कॉन्फिग, बनवू का विचारतं, आणि त्याची मुख्य कळ, म्हणजे मॉड, विंडोज ठेवायची की ऑल्ट. इथे विंडोजच घ्या. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये ऑल्ट आणि १ ते ८ हे आकडे टॅब बदलायला असतात. आयथ्रीत मॉड आणि आकडा वर्कस्पेस बदलायला. दोन्हीकडे ऑल्ट झाला की ती जोडी आयथ्री आधीच गिळतं आणि फायरफॉक्सपर्यंत काही पोचतच नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. आपल्या कामात विंडोची शीर्षकं मराठी असतात. कॉन्फिगमध्ये फॉन्टच्या ओळीत ‘पँगो’ लिहून पुढे नोटो सॅन्स देवनागरी १० असं द्यायचं. एक्सचा, म्हणजे लिनक्सवर पडदा चालवणाऱ्या जुन्या प्रणालीचा, जुन्या पद्धतीचा फॉन्ट दिला तर शीर्षकाच्या जागी चौकोन येतात किंवा वेलांट्या अक्षरं सोडून भलतीकडे बसतात. मराठी टंकायला आम्ही आयबस वापरतो. तो कॉन्फिगमधून सुरुवातीलाच चालू होतो. आयबस नको असेल आणि कीबोर्डच्या मांडणीतच इंग्रजी-देवनागरी दोन्ही ठेवायच्या असतील, तर इंग्रजी पहिली ठेवा. आयथ्री शॉर्टकट पहिल्या मांडणीवरून वाचतं. एकटी देवनागरी मांडणी लावली की बरेचसे शॉर्टकट मुके होतात आणि मशीन अडकलं असं वाटतं.

एवढ्याने पहिला दिवस जातो. दुसऱ्या दिवशी खरी अडचण कळते: पडदा अरुंद आहे.

१३६६ चे दोन भाग केले की प्रत्येकाला ६८३ पिक्सेल येतात. बरीच सरकारी पोर्टलं ७६८ पिक्सेलच्या खाली गेली की आपण मोबाइलवर आहोत असं समजतात. मेन्यू तीन आडव्या रेघांत गुंडाळला जातो, तक्ते एकाखाली एक कोसळतात, आणि ‘जतन करा’ हे बटण पानाच्या तळाशी कुठेतरी जातं. यावर झूम हाच उपाय. झूम कमी केलं की पानाला आपण रुंद आहोत असं वाटतं. पण ९० टक्क्यांवर ६८३ चे ७५९ होतात, म्हणजे ७६८ ला नऊ कमी, आणि पान मोबाइलसारखंच राहतं. ८० टक्क्यांवर ८५४ होतात आणि पान सरळ होतं. कंट्रोल आणि उणे ही जोडी दोनदा दाबायची, एकदा दाबून भागत नाही. फायरफॉक्स झूम संकेतस्थळानुसार लक्षात ठेवतं, म्हणून एका पोर्टलसाठी एकदाच करावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे समान वाटणी सोडून द्यायची. मॉड आणि आर दाबलं की आकार बदलायची अवस्था सुरू होते, बाणांनी धुरा सरकवायचा, एस्केपने बाहेर यायचं. अर्जाला दोन तृतीयांश म्हणजे ९१० पिक्सेल आणि सातबाऱ्याला उरलेले ४५६ दिले की अर्जाला झूम लागत नाही. सातबाऱ्याची पीडीएफ ४५६ मध्ये बारीक दिसते, पण गट क्रमांक, खाते क्रमांक आणि क्षेत्र एवढंच वाचायचं असतं. तेवढा कोपरा मोठा करून ठेवायचा.

क्षेत्रावरून एक सांगायला हवं. शेतकरी एकरात सांगतो, अर्ज हेक्टर-आर मागतो. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, म्हणून पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर. हे अर्जात २.०२ असं जातं. घाईत २.२ लिहिलं तर ते २ हेक्टर २० आर होतं आणि अर्ज सातबाऱ्याशी जुळत नाही. सातबारा शेजारच्या चौकोनात उघडा असला की ही चूक सबमिट करण्याआधीच नजरेत येते. टायलिंगचा सर्वांत मोठा फायदा कोणता विचाराल तर आम्ही हाच सांगू. टॅबमागे लपलेल्या सातबाऱ्याशी कोणी ताडून पाहत नाही. हिशोबाला लागणारा कॅल्क्युलेटर स्क्रॅचपॅडमध्ये, म्हणजे विंडो लपवून ठेवायच्या जागेत ठेवला आहे: मॉड, शिफ्ट आणि उणे दाबून एकदा तिथे टाकायचा, मग मॉड आणि उणे दाबलं की मधोमध तरंगत येतो आणि तेच परत दाबलं की जातो.

आता मांडणीकडे. ती दोनदा बदलली.

पहिली मांडणी पोर्टलनुसार होती. २ वर सातबारा, ३ वर विमा, ४ वर शिष्यवृत्ती, ५ वर महाडीबीटी. दिसायला फार नेटकी. पण एका माणसाच्या कामात सातबारा, विमा आणि बँकेचा तपशील असे तीन तुकडे असतात, ते तीन वर्कस्पेसवर विखुरतात. ३ वर एकाच चेहऱ्याच्या दहा विंडो जमतात आणि आपण परत ‘मुख्यपृ’वर येतो. दुसरी मांडणी टोकननुसार केली, प्रत्येकाला स्वतंत्र वर्कस्पेस. आकड्यांच्या कळा दहाच, त्यामुळे अकराव्या माणसाला ती पुरली नाही.

तिसरी टिकली, कारण ती कामाच्या अवस्थेवर आहे. १ वर टोकनांची यादी आणि लोकांनी पाठवलेले कागद घ्यायला व्हॉट्सॲप वेब. २ वर समोर बसलेल्या माणसाचं काम, दुसऱ्या कोणाचं नाही. ८ वर थांबलेली कामं. ९ वर छपाई. ० वर केंद्राची स्वतःची लॉगिनं. मधले आकडे मोकळेच ठेवलेत. प्रत्येक टोकनाची एक विंडो, तिच्यात त्याचे तीन-चार टॅब. काम अडलं की मॉड, शिफ्ट आणि ८, विंडो आपल्या सगळ्या टॅबांसकट ८ वर जाते. ओटीपी आला की परत २ वर. पूर्ण झालं की ९ वर.

एका टोकनाचे टॅब एकाच विंडोत का, तर आयथ्रीला टॅब दिसतच नाहीत. त्याला फक्त विंडो दिसते, आणि विंडोचं शीर्षक म्हणजे त्या क्षणी वर असलेल्या टॅबचं शीर्षक. विंडो शोधायचे रोफीसारखे प्रोग्रामही तेवढंच दाखवतात. एका विंडोत पंधरा टॅब कोंबले तर विंडो मॅनेजर बदलून काही हाती लागत नाही.

शीर्षकावर विसंबताच येत नाही, म्हणून खुणा वापरतो. आयथ्रीत विंडोला मार्क लावता येतो. कॉन्फिगमध्ये मॉड आणि एम या जोडीला आयथ्री-इनपुट बांधलं आहे: दाबलं की पडद्यावर छोटी पट्टी येते, त्यात २८ टंकून एंटर मारलं की त्या विंडोच्या माथ्यावर चौकटी कंसात २८ दिसतं. मॉड आणि जी दाबून २८ टंकलं की ती विंडो कुठल्याही वर्कस्पेसवर असो, समोर हजर. आयथ्रीच्या मार्गदर्शिकेतल्या नमुन्यात एकाच अक्षराची मर्यादा असते आणि पट्टी पहिलं अक्षर पडताच मिटते. ती मर्यादा काढून टाकायची, नाहीतर २८ चा फक्त २ उरतो. त्या पट्टीत आयबस चालत नाही, म्हणून आकडे इंग्रजीतच टंकायचे.

इथे एक खोच आहे आणि ती दुपारनंतरच कळते. मार्क शोधताना आयथ्री नमुना जुळवतं, शब्द नाही. नुसतं ८ शोधलं तर ८, १८, २८ सगळे जुळतात आणि भलतीच विंडो पुढे येते. सकाळी पहिल्या नऊ टोकनांपर्यंत सगळं ठीक चालतं आणि मग अचानक बिघडतं. कॉन्फिगच्या त्या ओळीत आकड्याच्या आधी कॅरेटची खूण आणि नंतर डॉलरची खूण घातली की पूर्ण आकडाच जुळतो. आणखी एक: एक मार्क एकाच विंडोवर राहतो. त्याच टोकनाची दुसरी विंडो उघडून तिलाही २८ दिलं तर पहिलीवरचा मार्क निघून जातो. दुसरीला २८ बी द्यायचं.

८ नंबरच्या वर्कस्पेसवर मॉड आणि एस दाबून थप्पीची मांडणी ठेवली आहे. त्यात प्रत्येक विंडोची शीर्षकपट्टी पडद्याच्या पूर्ण रुंदीची होते आणि पट्ट्या एकाखाली एक लागतात: कंसात टोकन, पुढे पानाचं पूर्ण शीर्षक. वहीतल्या नोंदींसारखं वाचता येतं. बारा-तेरा पट्ट्या झाल्या की खाली पानाला जागा कमी पडते, पण ८ वर काम करायचंच नसतं, नुसतं पाहायचं असतं. बाकी वर्कस्पेसवर सुरुवातीची मांडणी टॅबची ठेवली आहे, तशी एक ओळ कॉन्फिगमध्ये आहे. त्यामुळे अचानक उगवलेली विंडो अर्ज भरत असलेल्या विंडोला चेपत नाही, तिच्या बाजूला टॅब होऊन बसते. २ वर दोन चौकोन लागतात तेव्हा मॉड आणि ई.

अचानक उगवणाऱ्या विंडोंचं निराळंच दुखणं असतं. पावती, पैसे भरायचं पान, ‘अर्ज पाहा’, यांतलं बरंच काही स्वतंत्र विंडोत उघडतं. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग पानावर ‘ओपन अंडरस्कोअर न्यूविंडो डॉट रिस्ट्रिक्शन’ असा शेवट असलेली एक नोंद आहे. ती मुळात २ असते, ० केली की या सगळ्या विंडो टॅब होऊन त्याच विंडोत उघडतात. टोकनाची पावती टोकनापाशीच राहते. मोडलेलं असं काही आढळलं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि याचा विंडो मॅनेजरशी संबंध नाही. विंडो वेगळी म्हणजे लॉगिन वेगळं, हा गैरसमज. एकाच प्रोफाइलच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या एका स्वतंत्र संचाच्या, सगळ्या विंडो आणि सगळे टॅब कुकीजचा, म्हणजे कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणाऱ्या नोंदींचा, एकच डबा वापरतात. टोकन २८ चं लॉगिन एका विंडोत चालू असताना दुसऱ्या विंडोत त्याच पोर्टलवर टोकन ३१ चं लॉगिन केलं की पहिल्या विंडोखालचा माणूस बदलतो. पडद्यावर २८ चंच नाव दिसत राहतं, कारण पान आधीच उतरलेलं असतं. ‘पुढे’ दाबलं की सर्व्हर ३१ समजून चालतो. नशीब चांगलं असेल तर चुकीचा संदेश येतो. नसेल तर एकाचा गट क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जाऊन बसतो, आणि तो दुरुस्त करायला तालुक्याला खेटे. खासगी विंडो उघडून सुटका होईल असं वाटतं, पण सगळ्या खासगी विंडोंचा मिळूनही एकच डबा असतो. दोन खासगी विंडोंत दोन माणसं बसवली तरी सरमिसळ तीच.

यासाठी मोझिलाचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे ॲड-ऑन घातलं. प्रत्येक कंटेनरचा कुकीजचा डबा निराळा आणि टॅबवर त्याच्या रंगाची रेघ. चार कंटेनर केले: लाल, निळा, हिरवा, पिवळा. टोकन घेतानाच चिठ्ठीवर रंग लिहितो: २८ निळा, ३१ लाल. एका पोर्टलवर एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं अर्धवट ठेवायची नाहीत हा नियम त्यातून आपोआप लागला. कंटेनर वाढवता येतात, पण पाचव्या-सहाव्या रंगानंतर नारिंगी की लाल, यावर डोळ्यांचा भरवसा राहत नाही. काम संपलं की लॉगआउट, आणि दिवसाअखेर कंटेनर काढून टाकून नव्याने करायचे. कंटेनर काढला की त्याच्या कुकीज जातात.

एक मर्यादा आहे. काही पोर्टलं शेतकऱ्याच्या नव्हे, केंद्राच्या लॉगिनवर चालतात आणि त्यांतली काही दुसरं लॉगिन होताच पहिलं तोडतात. तिथे कंटेनरचा उपयोग नाही, कारण नियम सर्व्हरवर आहे. ती कामं एकामागे एकच करावी लागतात. म्हणून ती ० वर, वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवली आहेत, म्हणजे लोकांच्या खासगी कामाशी त्यांची गाठच पडत नाही.

ते दुसरं प्रोफाइल ० वर आपोआप जावं म्हणून फायरफॉक्स सुरू करतानाच कमांडमध्ये प्रोफाइलचं नाव आणि क्लास (आयथ्री विंडो ज्यावरून ओळखतं ते नाव) दोन्ही द्यायचे, आणि कॉन्फिगमध्ये त्या क्लासला असाइनच्या ओळीने १० नंबरचं वर्कस्पेस नेमून द्यायचं (शून्याची कळ दहावं उघडते). प्रोफाइल न सांगता नुसता क्लास दिला तर कमांड आधीच चालू असलेल्या फायरफॉक्सकडे जाते, तो आपली नेहमीची विंडो उघडतो आणि क्लास काही बदलत नाही. खात्री करायला टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप हा विंडोची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून विंडोवर क्लिक करायचं. क्लासच्या ओळीत दोन नावं येतात, त्यातलं दुसरं क्लास. एक्सऐवजी वेलँड या नव्या प्रणालीवर आयथ्रीसारखाच चालणारा स्वे वापरत असाल तर क्लासच्या जागी ॲप-आयडी लागतो, बाकी कॉन्फिग बहुतेक तसंच चालतं.

शीर्षकावरून वाटणी करून पाहिली, ती काढून टाकली. ‘शीर्षकात छपाई असेल तर ९ वर न्या’ असा फॉर-विंडोचा नियम लिहिता येतो आणि तो शीर्षक बदललं तरी लागू होतो. तिथेच घोटाळा आहे. अर्ज भरताना एखाद्या पायरीवर पानाचं शीर्षक बदलतं आणि विंडो हातातून निसटून दुसऱ्या वर्कस्पेसवर जाते. नियम त्या विंडोवर एकदाच चालतो, म्हणून परत आणल्यावर ती शहाण्यासारखी बसते आणि दोष शोधायला गेलं तर सापडत नाही.

टॅब शोधायची फायरफॉक्सची स्वतःची सोय चांगली आहे. पत्त्याच्या पट्टीत टक्क्याची खूण, मोकळी जागा आणि मग शब्द टंकला की त्या प्रोफाइलच्या सगळ्या विंडोंतले उघडे टॅब गाळून मिळतात. निवडलेला टॅब दुसऱ्या वर्कस्पेसवर असेल तर मात्र काहीच झालं नाही असं वाटतं. आयथ्री नजरेआड असलेल्या वर्कस्पेसवर आपल्याला खेचून नेत नाही, खालच्या पट्टीत त्याचा आकडा लाल करतं. ते खेचून न्यावं अशी सेटिंग आहे, पण ती लावू नका. आधारचे बारा आकडे टंकत असताना पडदा बदलला तर उरलेले आकडे भलत्याच रकान्यात पडतात. त्याऐवजी सर्वांत ताज्या लाल विंडोवर जाणारी एक जोडी बांधून घ्यावी. आमच्याकडे ती मॉड आणि एक्स आहे.

बंद करायच्या कळा हातासरशी बदलून घ्या. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-डब्ल्यू एक टॅब मिटवतं आणि लगतची डावीकडची कंट्रोल-क्यू सगळ्या विंडो मिटवते. अबाउट-कॉन्फिगमध्ये ‘क्विट-शॉर्टकट डिसेबल्ड’ ही नोंद खरी करून ती मारून टाकली. आयथ्रीचं मॉड-शिफ्ट-क्यू विंडो तिच्या सगळ्या टॅबांसकट मिटवतं, तेही एफ४ वर नेलं. तरीही गेलीच, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन मिटलेली विंडो परत आणतं. टॅब परत येतात, मार्क येत नाही. तो पुन्हा लावावा लागतो.

चुकीच्या विंडोत उघडलेला टॅब हलवायचा असेल तर टॅबवर उजवी क्लिक करून ‘नव्या विंडोत हलवा’ हेच वापरा. त्यात पान पुन्हा उतरत नाही, भरलेलं तसंच राहतं. पत्ता कॉपी करून नव्या विंडोत चिकटवला की अर्ज पहिल्या पायरीपासून.

कागद जोडताना उघडणारी फाइलची चौकट आयथ्री स्वतःहून तरंगती ठेवतं, पण ७६८ उंचीत तिचं खालचं ‘उघडा’ बटण कधीकधी पडद्याबाहेर जातं. तरंगत्या विंडोची कमाल मर्यादा १२०० बाय ७०० केली की प्रश्न मिटतो. बोटाच्या ठशाचं यंत्र लागणारी कामं या मशीनवर घेतच नाही. त्याला शेजारी विंडोजचं वेगळं मशीन आहे आणि त्यावर दुसरं काही उघडत नाही.

वीज जाते हे धरूनच चालायचं. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, राउटरही त्याच्यावरच हवा. फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबांची नोंद घेतं, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर टॅब येतात. दोन गोष्टी येत नाहीत. एक, विंडो ज्या वर्कस्पेसवर होत्या त्यावर जातीलच याचा भरवसा नाही, मार्क तर नाहीतच. चिठ्ठ्या हातात घेऊन एकेक विंडो ८ वर लावायची, एवढंच. दोन, भरलेला मजकूर. तो येऊ नये असं आम्हीच केलं आहे. अबाउट-कॉन्फिगमध्ये या टॅबांच्या नोंदीच्या गोपनीयतेची पातळी २ केली की अर्जातला मजकूर आणि कुकीज डिस्कवर लिहिल्या जात नाहीत. लोकांच्या आधार क्रमांकांची थप्पी डिस्कवर ठेवण्यापेक्षा एखादा अर्ज दोनदा भरलेला बरा. त्याच हिशोबाने पासवर्ड लक्षात ठेवणं आणि रकान्यात आधीचा मजकूर सुचवणं, दोन्ही बंद. नाहीतर एकाचा आधार क्रमांक टंकायला लागलं की खाली आधीच्या पाच जणांचे उघडे पडतात आणि समोरचा माणूस ते वाचतो.

विंडो जास्त ठेवण्याचा एक तोटा इथेच दिसतो. वीज आल्यावर फायरफॉक्स मागचे टॅब आपण हात लावेपर्यंत उतरवत नाही, पण प्रत्येक विंडोतला वरचा टॅब लगेच उतरवतं. बारा विंडो म्हणजे बारा पोर्टलं एकाच वेळी नेट ओढतात. अशा वेळी मशीन खिळल्यासारखं होतं. रॅम पुरावी म्हणून तिच्यातला मजकूर दाबून बसवणारं झेडरॅम-टूल्स घालून टक्केवारी ५० केली आहे. तरी मशीन जड वाटलं तर अबाउट-प्रोसेसेस या पानावर कोणतं पोर्टल किती जागा खातं ते दिसतं, तिथूनच ते मिटवता येतं.

संध्याकाळी मॉड आणि ८ दाबून थप्पी वाचायची. जे उरले त्यांची टोकनं, रंग आणि अडलेली पायरी वहीत उतरवून घ्यायची, कारण रात्रभर उघडं ठेवलं तरी सर्व्हरवरचं लॉगिन सकाळपर्यंत टिकत नाही. मग विंडो मिटवायच्या, चारही कंटेनर काढून नवे करायचे, आणि ज्यांचा ओटीपी आलाच नाही त्यांना फोन: “काका, उद्या पोराले सुट्टी हाय का इचारून पाहा, मंगच या.”